नाण्यावरची खूण: टांकसाळीची चूक की नंतरचे नुकसान? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाण्याचा फोटो पाठवून "हे एरर नाणे आहे का?" असे विचारणाऱ्यांना बहुतेक वेळा मला "नाही" असेच उत्तर द्यावे लागते. हे उत्तर कुणालाच आवडत नाही, म्हणून "नाही" का म्हणतो ते एकदा सविस्तर लिहून ठेवले आहे. प्रश्न लोकांचेच आहेत, फक्त थोडे साफसूफ केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटे वाचले तरी कळेल. जिथे दुसऱ्या उत्तराचा आधार लागतो, तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. टांकसाळीची चूक आणि नुकसान यांत नेमका फरक काय?

छाप पडून नाणे यंत्रातून बाहेर आले, तो क्षण ही सीमारेषा. त्याआधी किंवा त्याच क्षणी काही बिघडले असेल तर ती टांकसाळीची चूक. त्यानंतर जे काही झाले ते नुकसान, मग ते पाच मिनिटांनी झालेले असो की पन्नास वर्षांनी.

व्यवहारात मी एकच प्रश्न विचारतो: हे कसे घडले असेल, ते नाणे बनवण्याच्या कुठल्या पायरीवर बोट ठेवून सांगता येईल का? येत असेल तर पुढे तपासायला अर्थ आहे. "यंत्रात काहीतरी झाले असेल" हे उत्तर धरत नाही. नुकसानीत आधी नीट बसलेला धातू हलतो, दबतो, खरवडला जातो किंवा निघून जातो. चुकीत धातू मुळात तिथे पोचलेलाच नसतो, नाहीतर ठशाने जिथे जागा दिली तिथे गेलेला असतो. खालची बहुतेक उत्तरे याच फरकावर उभी आहेत.

२. त्यासाठी नाणे कसे बनते हे माहीत असायलाच हवे का?

हो. दहा ओळींत सांगतो.

धातूचा लांब पट्टा लाटून हव्या त्या जाडीचा करतात. त्यातून गोल चकत्या कापतात. त्या भट्टीत तापवून मऊ करतात आणि धुऊन घेतात. मग एका यंत्रात कडेने दाब देऊन चकतीची किनार उचलतात. आता ती छापायला तयार झाली. छापयंत्रात वरून एक आणि खालून एक असे दोन पोलादी ठसे असतात, आणि चकतीभोवती पोलादी कडे असते, त्याला कॉलर म्हणतात. ठसे चकतीवर आदळतात, धातू ठशाच्या खोलगट भागांत चढतो आणि बाजूला पसरू पाहतो तेव्हा कॉलर त्याला अडवते. कडेवरचे दातेही बहुधा याच वेळी कॉलरमुळे उमटतात. आधुनिक यंत्र मिनिटाला सातशेहून जास्त नाणी छापते, म्हणजे सेकंदाला बारा-एक. या वेगात चुका होतात यात नवल नाही. त्या एवढ्या कमी बाहेर येतात याचेच नवल वाटावे.

चुकांची तीन घराणी यातूनच निघतात: चकतीच्या चुका, ठशाच्या चुका आणि छाप पडतानाच्या चुका. ठशाची चूक त्या ठशातून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर हुबेहूब तशीच दिसते. छाप पडतानाची चूक बहुतेक वेळा एकाच नाण्याची असते.

३. माझ्या नाण्यावर काहीतरी वेगळे दिसते. सगळ्यात आधी काय करू?

त्याच वर्षाचे, त्याच प्रकारचे साधे नाणे शेजारी ठेवा. निम्म्या शंका इथेच मिटतात. मग १० पट मोठे दाखवणारे भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, व्यास मोजायला कॅलिपर आणि एक लोहचुंबक. प्रकाश समोरून न घेता एका बाजूने तिरपा पाडा आणि नाणे हळूहळू फिरवा. उंचवटा आणि खड्डा यांतला फरक सपाट प्रकाशात भल्याभल्यांना चकवतो.

तिन्ही बाजू पाहा. हो, तीन. छापा, काटा आणि कड. लोक कड पाहतच नाहीत, आणि खोटेपणा सगळ्यात जास्त तिथेच उघडा पडतो.

४. वर आलेली रेघ म्हणजे चूक आणि आत गेलेली रेघ म्हणजे ओरखडा. बरोबर?

सुरुवातीला बरोबर, पुढे अपवाद.

ठसा म्हणजे नाण्याचे उलटे रूप. ठशाला तडा गेला की त्या फटीत धातू शिरतो आणि नाण्यावर बारीक, उंच, नागमोडी रेघ येते. ठशाचा तुकडाच निखळला तर त्या जागी किनारीला चिकटलेला, नक्षी नसलेला उंचवटा दिसतो. ठशाची झीज नाण्यावर भर होऊन येते, हे एकदा डोक्यात बसले की निम्मे काम झाले.

आता अपवाद. ओरखड्याच्या शेजारी धातू ढकलला जाऊन बारीक कंगोरा उभा राहतो. नुसत्या डोळ्यांना तो उंच रेघेसारखा दिसतो. भिंगाखाली त्याला लागूनच चर दिसली तर तो ओरखडाच. उलट बाजूनेही फसगत होते. छाप पडताना चकती आणि ठशामध्ये धागा, तार किंवा कापडाचा तुकडा अडकला तर खोलगट रेघ उमटते, आणि ती खरी चूक असते. तिचा तळ गुळगुळीत असतो, कडा बोथट असतात, कंगोरा उभा राहिलेला नसतो.

ठशाचा तुकडा पडल्याचा दावा असेल तर नाणे उलटून त्याच जागेची मागची बाजू पाहा. खऱ्या उंचवट्याकडे इतका धातू ओढला जातो की मागची नक्षी तिथे बहुधा अर्धवट उमटते. मागची बाजू ठणठणीत असेल तर डाख लावून (सोल्डर करून) चिकटवलेल्या धातूचा संशय घ्या.

५. तारीख आणि अक्षरे दोन-दोन दिसतात. हेच ते प्रसिद्ध दुहेरी ठशाचे नाणे का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

ठसा बनवताना त्याच्यावर हब नावाचा उठावदार मूळ नमुना दाबतात. पूर्वी एका दाबात नक्षी पूर्ण उतरत नसे, म्हणून ठसा पुन्हा तापवून हब दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा दाबत. त्या वेळी तो किंचित फिरून बसला की ठशातच नक्षी दोनदा कोरली जाई. अमेरिकेचे १९५५ चे एक सेंटचे नाणे याचे सर्वांत गाजलेले उदाहरण. त्यावरची तारीख आणि अक्षरे नुसत्या डोळ्यांना दोन दिसतात. अशी नाणी काही हजारांच्या संख्येने व्यवहारात गेली.

पण तुमच्या नाण्यावर जे आहे ते बहुधा वेगळेच असते. ठसा किंचित सैल असला तर छाप पडल्यावर तो जागचा हलतो आणि नुकत्याच उमटलेल्या अक्षराची कड चेपतो. याला यांत्रिक दुहेरीपणा म्हणतात. ओळखायची खूण अशी: दुसरे अक्षर सपाट, चकचकीत आणि पायरीसारखे खाली दिसते, आणि मूळ अक्षर तेवढे बारीक झालेले असते, कारण ती पायरी त्याच्याच अंगातून कापून निघालेली असते. खऱ्या दुहेरी ठशात दोन्ही अक्षरांना गोलाई आणि उंची असते, अक्षर एकूण रुंद होते आणि त्याच्या कोपऱ्यांत स्पष्ट चीर दिसते, जणू दोन अक्षरे एकमेकांवर ठेवली आहेत.

यांत्रिक दुहेरीपणा टांकसाळीतच होतो, हे खरे. तरी संग्राहक त्याला चुकीचा मान देत नाहीत, कारण तो इतका सर्रास आहे. यावर हुज्जत घालणारे खूप भेटतात. मी घालत नाही.

आणखी एक. अमेरिकेच्या टांकसाळीने १९९० च्या दशकात हब एकाच दाबात उतरवायची पद्धत आणली. त्यानंतर १९५५ सारखा ढळढळीत दुहेरीपणा निघत नाही. जे निघते ते लहानसे असते आणि बहुधा नाण्याच्या मध्यभागाजवळ. त्यामुळे नव्या नाण्याच्या किनारीजवळची सगळी अक्षरे एका दिशेने दोन दिसत असतील तर आधी सैल ठशाचा संशय घ्या.

६. आकडा दोनदा नाही, पण जाड आणि फुगलेला दिसतो. ते काय?

झिजलेला ठसा. लाखो वेळा आदळून ठशातल्या अक्षरांच्या कडा पसरतात आणि नाण्यावरचा आकडा सुजल्यासारखा दिसतो. योगायोग असा की १९५५ च्याच एक सेंटच्या काही नाण्यांवर शेवटचा ५ असा दुहेरी भासतो. संग्राहक त्याला गमतीने 'गरिबांचे दुहेरी' म्हणतात. खऱ्या दुहेरी ठशाशी त्याचा संबंध नाही.

जस्तावर तांब्याचा मुलामा दिलेल्या नाण्यांत तिसराच प्रकार दिसतो. छाप पडताना मुलामा अक्षराच्या कडेने ताणून फाटतो आणि आतल्या जस्ताची करडी रेघ अक्षराशेजारी सावलीसारखी उमटते. नीट पाहिल्यास ते दुसरे अक्षर नसते, फाटलेला मुलामा असतो.

७. नाण्याचा एक घास घेतल्यासारखा तुकडा नाही. कुणी कापला की असाच आला?

दोन्ही शक्य आहे, आणि हा प्रकार ओळखायला मला सगळ्यात मजा येते.

पट्ट्यातून चकत्या कापताना पट्टा नीट पुढे सरकला नाही तर पुढची चकती आधीच्या भोकावर थोडी चढते आणि तिच्यातून चंद्रकोरीसारखा तुकडा कमी होतो. पट्ट्याच्या टोकापाशी कापली गेली तर कड सरळ किंवा खडबडीत येते. या तुकडा कमी असलेल्या चकतीची मग किनार उचलली जाते आणि छाप पडते.

आता गंमत. किनार उचलणारे यंत्र चकतीला समोरासमोर दाबते. जिथे तुकडाच नाही तिथे दाबायला काही नसते, म्हणून त्याच्या बरोबर समोरच्या बाजूलाही दाब कमी पडतो आणि तिथली किनार पुसट येते. याला ब्लेक्स्ली परिणाम म्हणतात. तुमच्या नाण्यात कापलेल्या जागेच्या समोर किनार फिकी असेल तर अर्धी लढाई जिंकलात. तो प्रत्येक वेळी दिसतोच असे नाही, म्हणून दुसरी खूणही पाहा. कापाजवळची अक्षरे ताणलेली, कापाकडे वाहिल्यासारखी असली पाहिजेत, कारण छाप पडताना धातू त्या मोकळ्या जागेकडे पसरतो. छापल्यानंतर कापलेल्या नाण्यात अक्षर सुरीने तोडल्यासारखे मध्येच संपते, आणि कापाच्या भिंतीवर कानस किंवा कातरीच्या समांतर रेघा दिसतात.

८. छाप एका बाजूला सरकली आहे. किती सरकली की चूक मानायची?

आधी दोन्ही बाजू पाहा. दोन्हींवरची नक्षी सरकलेली असून एका बाजूला कोरा धातू उघडा पडला असेल, तर चकती ठशांच्या मध्ये नीट बसलेली नव्हती. ही खरी सरकलेली छाप. फक्त एकाच बाजूची किनार इकडे जाड, तिकडे बारीक असेल, तर वरचा ठसा किंचित ढळला होता. हे इतके सर्रास आहे की त्यात फारसे कुणी पडत नाही.

कॉलरच वर आली नाही तर धातू मोकळेपणाने पसरतो. नाणे नेहमीपेक्षा मोठे आणि पातळ होते, कडेवर दाते नसतात, पण नक्षी सगळी शाबूत असते. हातोडीने ठोकून पसरवलेले नाणेही मोठे होते. मात्र त्याची अक्षरे चेपलेली असतात आणि कडेवर दात्यांचे अवशेष चिरडलेले दिसतात.

९. नाणे दोन्ही बाजूंनी पूर्ण कोरे आहे.

वजन करा. न छापलेल्या चकतीचे वजन नाण्याइतकेच भरते. झिजून किंवा घासून गुळगुळीत झालेले नाणे हलके असते, आणि तिरप्या प्रकाशात चेहऱ्याची किंवा अक्षरांची सावली कुठेतरी सापडतेच. कडेवर दाते असतील तर विषय संपला, कारण कॉलरमधून दाते उमटतात ते छाप पडतानाच.

१०. नाण्याची किनार उंच आणि आत वळलेली आहे, व्यास थोडा कमी आहे. असे नाणे मी कुठेच पाहिले नाही!

तुम्ही पाहिले नसेल, मला मात्र हे नियमाने येते. कपडे वाळवणाऱ्या यंत्राच्या ड्रममध्ये नाणे अडकले की ते महिनोन्महिने कडेवर आपटत फिरत राहते. किनार ठोकली जाऊन आत वळते, जाड होते, आणि बाहेरची अक्षरे तिच्याखाली दबतात. टांकसाळीतल्या कुठल्याही पायरीवर धातू असा आत गुंडाळला जात नाही.

११. नाण्यावर किनारीला समांतर गोल चकचकीत रेघ आहे.

नाण्यांच्या कागदी नळ्या बांधणाऱ्या यंत्राचा हुक. नळीच्या टोकाच्या नाण्यावर तो फिरतो आणि वर्तुळ उमटवतो. नुकसान.

१२. नाण्यावर उलटी, आरशात दिसावी तशी अक्षरे आहेत.

तीन शक्यता आहेत, आणि तिघींमध्ये जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

पहिली: आधीचे नाणे ठशाला चिकटून राहिले आणि पुढच्या चकतीवर त्याचीच छाप पडली. याला ब्रॉकेज म्हणतात. एका बाजूला नेहमीची उंच नक्षी आणि दुसरीला तीच नक्षी उलटी व खोलगट, पूर्ण आकाराची. देखणी आणि दुर्मिळ चूक.

दुसरी: मध्ये चकती नसताना दोन ठसे एकमेकांवर आपटले. मग प्रत्येक ठशावर समोरच्या नक्षीच्या फिकट बाह्यरेषा उमटतात आणि पुढच्या प्रत्येक नाण्यावर येत राहतात. त्या फक्त सपाट भागात दिसतात, चेहऱ्यावर किंवा उंच अक्षरांवर चढत नाहीत, आणि त्यांची जागा मागच्या बाजूच्या नक्षीशी तंतोतंत जुळते.

तिसरी, आणि नव्याण्णव टक्के वेळा हीच: कुणीतरी दोन नाणी एकावर एक ठेवून पकडीत (व्हाइसमध्ये) आवळली किंवा हातोडीने ठोकली. उलटी अक्षरे खोलगट असतात, चेहऱ्यावरून, किनारीवरून कुठेही आडवीतिडवी जातात, आणि मागची बाजू चेपलेली असते.

अमेरिकेच्या १९३७ च्या डेनव्हर टांकसाळीच्या पाच सेंटवरचा तीन पायांचा गवा हा दुसऱ्या प्रकारचाच नातलग. आपटलेल्या ठशावरच्या खुणा घालवायला तो इतका घासला की गव्याचा एक पायच पुसला गेला.

१३. रंग वेगळा आहे. तांब्याऐवजी चांदीसारखा, किंवा उलट.

रंगावर कधीच विसंबू नका. उष्णता, आम्ल, जमिनीत पुरलेली वर्षे, मुलामा यांपैकी काहीही नाण्याला इंद्रधनुष्यापासून कोळशापर्यंत कुठलाही रंग देऊ शकते. वजन आणि चुंबक खोटे बोलत नाहीत.

युद्धकाळात तांबे वाचवायला अमेरिकेने १९४३ मध्ये एक सेंटची नाणी जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाची काढली. चुकून आदल्या वर्षाच्या काशाच्या चकत्यांवर त्याच वर्षी काही मोजकी नाणी छापली गेली. आज दाखवली जाणारी बहुतेक 'तांब्याची १९४३' म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी नाणी. ती चुंबकाला चिकटतात. खऱ्याचे वजन ३.११ ग्रॅमच्या आसपास, पोलादी नाण्याचे २.७. चुंबकाला न चिकटणारेही खरे असतेच असे नाही: १९४८ मधला ८ खरवडून त्याचा ३ करणारे कमी नाहीत.

सध्याची काही 'तांब्याची' नाणी चुंबकाला चिकटतात यातही चूक नाही. युरोची १, २ आणि ५ सेंटची नाणी मुळात तांब्याचा थर दिलेल्या पोलादाचीच आहेत.

एकच बाजू तांबडी असेल तर मात्र लक्ष द्या. अमेरिकेच्या १९६५ नंतरच्या पाव डॉलरसारख्या नाण्यांत आत तांबे आणि दोन्ही बाजूंना तांबे-निकेलचा थर असतो. एक थर छाप पडण्याआधीच गळून गेला असेल तर वजन ठळकपणे कमी भरते. वजन पूर्ण असून एक बाजू तांबडी, तर तो डाग.

१४. वजन कमी भरते. पातळ चकतीवर छापले असेल का?

आधी प्रमाण वजन आणि त्याची सूट माहीत करून घ्या. अमेरिकेच्या १९८२ नंतरच्या सेंटचे प्रमाण वजन २.५ ग्रॅम, आणि ०.१ ग्रॅमचा फरक टांकसाळ स्वतःच मान्य करते. शिवाय १९८२ मध्ये हे नाणे ३.११ ग्रॅमवरून २.५ वर आले, त्यामुळे त्या एका वर्षात दोन्ही वजने खरी आहेत. त्या वर्षाचे 'हलके' नाणे मला अजूनही पाठवले जाते.

फरक खरोखर मोठा असेल तर व्यास मोजा. पातळ पट्ट्यातून कापलेल्या चकतीवर व्यास पूर्ण असतो, पण धातू कमी पडल्यामुळे नक्षी नीट भरत नाही. आम्लात बुडवलेल्या नाण्याचा व्यासही घटतो, अक्षरे सगळीकडून सारखीच बारीक आणि धूसर होतात, किनार पातळ पडते. एकदा असेच एक नाणे मी स्वतः चूक समजून वर्षभर जपून ठेवले होते. कॅलिपर लावायचा आळस नडला.

१५. पृष्ठभागावर फोड आले आहेत किंवा पापुद्रा सुटला आहे.

फोड: मुलाम्याखाली हवा किंवा वायू अडकला की असे टपोरे येतात. ते टांकसाळीतलेच असतात, पण फार किरकोळ. नाणे आगीत तापले तरी फोड येतात, तेव्हा ते वेडेवाकडे आणि नक्षी विस्कटलेली असते.

पापुद्रा: पट्टा लाटताना आत कचरा किंवा वायू राहिला तर धातू थराथराने सुटतो. तो सुटतो लाटण्याच्या दिशेने, आणि खालचा पृष्ठभाग रेषारेषांचा दिसतो. अणकुचीदार वस्तूने उकरलेल्या खड्ड्याला अशी दिशा नसते, आणि त्याच्या कडा वर उचललेल्या असतात.

१६. दोन धातूंच्या नाण्यातला मधला गोल निघून आला. किंवा तो मध्यावर नाही.

नाणे छापल्यानंतर मधला गोल पाडता येतो, आणि लोक मुद्दाम पाडतात. कॅनडाचे दोन डॉलरचे नाणे १९९६ मध्ये आले तेव्हा सुरुवातीच्या काही नाण्यांचा मधला भाग सुटतो अशी बातमी झाली आणि मग तो पाडून बघायची लाटच आली.

कडी मधल्या गोलाशिवाय छापली गेली असेल तर तिची आतली कड मोकळी असते, म्हणून धातू आत सरकून ती गोलसर, बेढब होते. नंतर पाडलेल्या गोलाच्या कडीत ती कड स्वच्छ, ठाशीव राहते आणि गोल अडकवण्याची खाच दिसते. मध्यावरून ढळलेल्या गोलाचेही तसेच: त्याच्यावरची नक्षी कडीवरच्या नक्षीला अखंड जोडलेली असेल तर तो छापण्याआधीच ढळला होता. जोडावर नक्षी तुटत असेल तर नंतर.

१७. नाणे उलटले की मागची बाजू वाकडी किंवा उलटी दिसते.

आधी आपल्या नाण्याची रीत जाणून घ्या. अमेरिकी नाणे वरून खाली उलटले की मागची बाजू सरळ दिसते. ब्रिटिश आणि युरो नाणी पुस्तकाच्या पानासारखी उलटावी लागतात. दोन्ही देशांतली नाणी एकत्र ठेवणाऱ्याला अर्धी नाणी 'चुकीची' वाटतात. दहा-पंधरा अंशांचा फरकही सोडून द्या. त्याहून जास्त फिरलेली असेल तर ती फिरलेल्या ठशाची खरी चूक असू शकते. मात्र नाणेच खरे आहे ना, ते आधी पाहा (प्रश्न २१).

१८. कडेवरची अक्षरे उलटी आहेत. किंवा मुळी नाहीतच.

उलटी असणे चूक नाही. दोन युरोसारख्या नाण्यांवर कडेची अक्षरे छापण्याआधीच रोळून उमटवतात. मग चकती कुठल्या बाजूने छापयंत्रात पडेल याला धरबंध नसतो. निम्म्या नाण्यांवर ती सरळ, निम्म्यांवर उलटी येतात.

नसणे मात्र खरोखर चूक असू शकते. अमेरिकेच्या २००७ च्या जॉर्ज वॉशिंग्टन डॉलरची कडेवरची अक्षरे छापल्यानंतर दुसऱ्या यंत्रात उमटवायची होती. बरीच नाणी त्या यंत्रात न जाताच बाहेर पडली. अशा नाण्याची कड गुळगुळीत, व्यास आणि वजन पूर्ण. कानशीने अक्षरे घालवलेल्या नाण्याचा व्यास कमी भरतो.

१९. टांकसाळीची खूण नाही / तारीख नाही / नक्षी वेगळी आहे. हे तर नक्की एरर?

बहुधा नाही. कोलकात्याच्या नाण्यांवर टांकसाळीची खूण नसतेच. मुंबईची पत्त्यांतल्यासारखी चौकट, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका शोधणाऱ्याला कोलकात्याचे नाणे 'खूण हरवलेले' वाटते. अमेरिकेच्या फिलाडेल्फिया टांकसाळीच्या एक सेंटवरही खूण नसते. २०१७ या एकाच वर्षी तिथे पी अक्षर आले, आणि त्या वर्षी लोक उलट तेच एरर समजले.

तरी खऱ्या घटना आहेत. फिलाडेल्फियाच्या १९८२ च्या काही दहा सेंटवर पी राहून गेला. ब्रिटनच्या २० पेन्सच्या नाण्याची नक्षी २००८ मध्ये बदलली आणि तारीख एका बाजूकडून दुसरीकडे गेली. एका तुकडीत जुना एक ठसा आणि नवा दुसरा अशी जोडी लागली आणि नाणी कुठेच तारीख नसलेली निघाली. १९८३ च्या काही दोन पेन्सवर 'टू पेन्स' ऐवजी आधीच्या वर्षांतले 'न्यू पेन्स' राहिले. या सगळ्या ठशांच्या चुका आहेत, म्हणून एकाच तऱ्हेची बरीच नाणी सापडली. तुमच्यासारखे दुसरे नाणे जगात कुणाकडेच नसेल तर खूण खरवडलेली असण्याची शक्यता जास्त. खरवडलेल्या जागी बारीक रेघा आणि वेगळी चकाकी दिसते. ठशात वंगण भरून अक्षर न उमटलेले असेल तर ते हळूहळू फिकट होत जाते आणि पृष्ठभाग अखंड राहतो. अमेरिकेच्या २००५ च्या कॅन्सस राज्याच्या पाव डॉलरवर वंगणाने 'ट्रस्ट' मधला पहिला टी असाच खाल्ला आणि 'देवावर विश्वास' या वाक्याचे 'देवावर गंज' झाले.

२०. दोन्ही बाजूंना छापा आहे!

जादूगाराचे नाणे. एक नाणे आतून पोखरून त्यात दुसऱ्याची बाजू बसवतात. किनारीच्या आतल्या अंगाला भिंगाखाली सांधा सापडतो, टणत्कारही बद्द येतो.

भलत्याच जोडीची खरी नाणी आहेत, पण तीही जवळजवळ नेहमी छापा-काट्याचीच. २००० साली फिलाडेल्फियाला पाव डॉलरचा छापा आणि एक डॉलरचा काटा अशी जोडी छापली गेली. दोन्ही नाणी आकाराने जवळजवळ सारखी असल्यामुळे ते जमून गेले.

२१. नाणेच बनावट असेल तर?

मग त्यावरची 'चूक' बनावट नाणे करणाऱ्याची. ब्रिटनचे जुने गोल एक पौंडाचे नाणे याचा धडा आहे. ते बंद होण्याआधी तीसातले सुमारे एक खोटे होते, असा तिथल्या टांकसाळीचाच अंदाज होता. दोन्ही बाजू एका रेषेत नसणे, कडेवरची अक्षरे चुकीची किंवा ढिसाळ असणे, या त्या खोट्या नाण्यांच्या ठरलेल्या खुणा. फिरलेला ठसा म्हणून जपलेली किती गोल पौंडे मुळात खोटी असतील, कोण जाणे.

२२. साफ करून नीट पाहू का?

नको.

२३. फोटो कसा काढू?

दोन्ही बाजू, कड, शेजारी मोजपट्टी, आणि काट्यावरचे वजन. प्रकाश तिरपा. फोनचा कॅमेरा चित्र आपणहून धारदार करतो आणि अक्षरांना नसलेली दुसरी कड बहाल करतो. 'दुहेरी ठसा' म्हणून आलेले कितीतरी फोटो फोन बदलल्यावर एकेरी निघाले आहेत.

२४. टांकसाळीतच ओरखडा पडला असेल तर? ते तरी चूक मानाल ना?

नाही. छापल्यावर नाणी खाली पडतात, मोजयंत्रातून जातात, पोत्यात एकमेकांवर आपटतात. तिथले खड्डे आणि खरचटे प्रत्येक नव्या नाण्यावर असतात. प्रश्न १ मधली सीमारेषा टांकसाळीच्या दाराशी नाही, ठशांपाशी आहे.

उलट खऱ्या चुकीच्या नाण्यावर नंतर ओरखडे पडले म्हणून चूक पुसली जात नाही. सरकलेल्या छापेच्या नाण्याला कुणी भोक पाडले, तर ते भोक पाडलेले सरकलेल्या छापेचे नाणे.

२५. चूक खरी, पण टांकसाळीतल्या कुणी मुद्दाम केली असेल तर?

सगळ्यात अवघड प्रश्न, कारण धातूला हेतू कळत नाही. मुद्दाम टाकलेली चकती आणि चुकून पडलेली चकती एकाच ठशाखाली सारखीच छापली जाते. माझे पारडे संशयाकडे झुकते ते अतिरेक पाहून: एकाच नाण्यावर तीन स्वतंत्र चुका, नाणे आधी दुमडून मग छापलेले, किंवा त्या यंत्रापाशी येण्याचे काहीच कारण नसलेली परदेशी चकती. पट्टा अडखळतो, ठसा तडकतो, वंगण साचते, हे रोजचे आहे. तीन अपघात एकाच चकतीला गाठतात तेव्हा यंत्राशेजारी कोण उभे होते, हा प्रश्न मनात येतोच.